१५ टक्के, सही, शिक्का

"डॉक्टर, हा माणूस नेमकं काय काम करायचा?"

कामावर जखमी झालेल्या एका कामगाराच्या भरपाईच्या केसमध्ये, कामगार न्यायालयात विमा कंपनीच्या वकिलांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही. फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात होता, एवढंच ठाऊक. मोडलेल्या मनगटात प्लेट मीच बसवलेली, टाके मीच काढलेले, दाखलाही माझाच: उजवं मनगट, कायमचं अपंगत्व १५ टक्के, सही, शिक्का. दीड ओळ. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती. तिनं पटकन सांगितलं असतं.

तो फेटलिंगला होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत येणं-जाणं असलेल्यांना सांगायला नको. कास्टिंगवरचा, म्हणजे साच्यातून काढलेल्या ओतीव भागावरचा जादा धातू घासायला ग्राइंडर दोन्ही हातांनी दाबून धरायचा, तोही पाळीभर. मनगट मागं वळत नसेल तर तो हातात राहतच नाही. माझे १५ टक्के त्याच्यासाठी जवळजवळ १०० होते.

१९२३ च्या भरपाई कायद्यात तुटलेल्या अवयवांचा तक्ता आहे (आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय). अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी गेली तर १४, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. पण अर्धवट आखडलेलं मनगट त्या तक्त्यात नाही. अशा वेळी कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरनं ठरवायचं, असं कायदाच म्हणतो. आम्ही लिहितो अवयवाचं अपंगत्व. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एमएसला, म्हणजे सर्जन होण्याच्या शिक्षणात, कुणी शिकवलं नव्हतं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराची केस होती, डावा हात कोपराच्या वर कापलेला. कोर्टानं १०० टक्के धरले. एका हातानं सुतारकाम होत नाही, एवढी साधी गोष्ट.

आता माझ्या ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये एक हातोडा असतो. पेशंटला तो धरायला लावतो, किती वेळ धरतो ते घड्याळावर बघतो. पकडीचं बळ दोन्ही हातांचं, तीन-तीनदा मोजतो. कामाचा हात कुठला, पूर्वीची दुखापत होती का, काय उचलायचा, कुठं चढायचा, आता कुठं अडतं, सगळं लिहितो. तीन पानं होतात, टायपिस्ट कुरकुरतो. दया येऊन आकडा फुगवायचा मात्र नाही. उलटतपासणीत तो दोन मिनिटांत फुटतो, आणि नुकसान पेशंटचंच होतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्या केसपेपरवर. रात्री अकराला कामगाराला घेऊन येतो सुपरवायझर. पेशंट कळवळतोय, बोलतोय सुपरवायझर: "घरात पाय घसरून पडलाय, सर." ड्यूटीवरचं पोरगं तेच लिहितं. नखांत काळी वाळू, अंगावर कंपनीचा शर्ट, आणि म्हणे घरात पडला! दोन वर्षांनी कोर्टात तीच ओळ वाचून दाखवतात. दोन मिनिटं त्या सुपरवायझरला बाहेर बसवा की राव.

फेटलिंगवाल्याला १५ टक्क्यांप्रमाणेच पैसे मिळाले. आता तो मेव्हण्याच्या चहाच्या गाड्यावर असतो, किटली डाव्या हातानं ओततो. मी गेलो की पैसे घेत नाही. म्हणतो, "तुम्ही हात वाचवला, डॉक्टर."