एक दावे, दोन बोरू

माझी आठ वर्षांची मुलगी लंडनच्या एका प्राथमिक शाळेत शिकते. गेल्या महिन्यात तिने चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर, तो पपायरस आहे असे मानून, आपले नाव प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत काळ्या आणि लाल रंगांत लिहून आणले. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी सुमेर, सिंधू, इजिप्त आणि शांग काळातील चीन यांपैकी एका आद्य संस्कृतीचा सखोल अभ्यास करावा असे म्हटले आहे, आणि तिच्या शाळेने इजिप्त निवडले आहे. सिंधू संस्कृती का घेतली नाही, अशी खंत मला आधी वाटली होती. पण ती लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, त्यामुळे तिच्यात मुलांना स्वतःचे नाव लिहिता आले नसते, हे लक्षात आल्यावर खंत ओसरली.

हा उपक्रम मला मनापासून आवडला. चित्र काढताना हात मंदावतो आणि डोळा पाहू लागतो. गिधाड आणि लाव्याचे पिल्लू बाजूने दिसतात, मग घुबड मात्र तोंड वळवून आपल्याकडे का पाहते, हे तिने मला विचारले. प्राण्यांची तोंडे ज्या बाजूला वळलेली असतात त्या बाजूने ओळ वाचायची असते, हेही तिला काढता काढताच उमगले. भाषणाने हे साधले नसते.

खटकला तो वर्गात वाटलेला तक्ता. त्यात इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसमोर एकेक चित्र दिले होते. मुलीचे नाव छाया. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे तिने सहा चिन्हे काढली आणि मूळ ध्वनींनुसार त्यांचे वाचन ‘क-ह-ह-अ-य-अ’ असे काहीसे झाले असते. इजिप्तचे लेखनिक ध्वनी लिहीत होते, आणि तेही केवळ व्यंजने. आपल्या लेखनातून काना, मात्रा आणि वेलांट्या काढून टाकल्यावर जे उरेल, त्याच्या जवळ जाणारे. त्यांच्याकडे ‘च’च्या जवळच्या ध्वनीसाठी एकच चिन्ह होते, ते म्हणजे जनावराला बांधायचे दावे. ‘य’साठी शेजारी शेजारी दोन बोरू काढत. छाया हे नाव एवढ्यातच संपते. शेवटी बसलेल्या स्त्रीची आकृती काढायची, तिचा उच्चार करायचा नाही. हे नाव बाईचे आहे, एवढेच ती सांगते. नावाभोवतीचे लंबगोल कडे राजघराण्यातल्या नावांसाठी राखलेले होते, हे कळल्यावर मुलीने ते स्वतःहून काढून टाकले.

उच्चार नसलेली ही चिन्हे मला सर्वांत मोलाची वाटतात. घराचा आराखडा आणि त्याखाली एक उभी रेघ म्हणजे घर. त्याच आराखड्यापुढे तोंड आणि चालणारे पाय काढले की ‘बाहेर पडणे’. युरोपातले विद्वान दीर्घकाळ प्रत्येक चित्राला एक गूढ कल्पना मानत राहिले. 1799 साली सापडलेल्या रोझेटा शिळेवर पुजाऱ्यांच्या सभेचा एकच ठराव तीन लिपींत कोरलेला होता, आणि त्याच्या आधारे 1822 साली फ्रेंच विद्वान शांपोलियोंने दाखवून दिले की ही चित्रे ध्वनीही लिहितात. प्रत्येक चित्र म्हणजे एक इंग्रजी अक्षर, असे शिकवणारा तक्ता दुसऱ्या टोकाची चूक करतो, आणि ती सुधारायला शिक्षकांना एक तास पुरेल.

नाशिकला माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी हे सारे उत्साहाने सांगितल्यावर ती म्हणाली, “ताई, आमच्याकडे परीक्षा जवळ आली की कार्यानुभवाचा तास गणिताला जातो.” तिची अडचण खरी आहे, आणि दूर राहून तिला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. तरीही महाराष्ट्रातल्या वादांकडे इथून पाहताना एक गोष्ट मला फार बोचते. पहिलीपासून हिंदीसंबंधीचे शासन निर्णय जून 2025 मध्ये मागे घेतले जाईपर्यंत आपण मुलांना भाषा किती शिकवाव्यात यावर कडाडून भांडलो, पण मुलाला लिपी म्हणजे काय हे कसे कळावे, याचा उल्लेख मला त्या वादात कुठे आढळला नाही. मराठीच्या अभिजात दर्जासाठी आपण नाणेघाटातल्या, ब्राह्मी या प्राचीन भारतीय लिपीतल्या शिलालेखाचा पुरावा दिला आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी तो दर्जा मिळवला. त्या लेखातले एक अक्षर तरी आपल्या मुलांनी हाताने गिरवलेले असावे, असे मला तळमळीने वाटते. लंडनच्या मुलाला रोझेटा शिळा पाहायला ब्रिटिश म्युझियममध्ये जावे लागते, आणि ती शिळाही इजिप्तमधून आणलेली आहे. नाशिकच्या मुलांना मात्र सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख पांडवलेण्याच्या भिंतीवर, जिथे कोरला तिथेच, पाहता येतो.

वहिनीने मला शेवटी विचारले, “ब्राह्मीत छाया कसं लिहितात?” अशोककालीन ब्राह्मीतला ‘छ’ म्हणजे एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली उभी रेघ, काना म्हणजे उजवीकडे काढलेली लहानशी आडवी रेघ. मी तो काढून तिला छायाचित्र पाठवले. डिसेंबरमध्ये आम्ही नाशिकला जाऊ, तेव्हा शनिवारच्या एका तासाला माझी मुलगी दावे आणि बोरू घेऊन तिच्या वर्गात बसणार आहे, आणि तिथली मुले तिला हे वर्तुळ शिकवणार आहेत.