कोणतं ॲप्लिकेशन? विचारलंय तेवढं सांगा!

एका नावापायी काल रात्री सव्वाअकरापर्यंत मी एका पतसंस्थेच्या कार्यालयात बसून होते. मार्चअखेर. सकाळी लेखापरीक्षक येणार, थकबाकीची यादी एक्सेलमध्ये तयार हवी, आणि आमचा प्रोग्रॅम सांगतोय की यादीची नमुना फाइल सापडत नाही. फाइल समोर दिसतेय! प्रोग्रॅमच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये! व्यवस्थापक दर दहा मिनिटांनी दारातून विचारत होते, "मॅडम, निघेल ना यादी?" त्यांचा शिपाई चाव्या घेऊन थांबलेला. त्या दोघांचा यात काय दोष होता?

दोष कुठे होता ते सांगते. सी शार्प भाषेत, विनफॉर्म्स ही खिडक्या-बटनं बनवायची लायब्ररी वापरून लिहिलेल्या प्रोग्रॅममधून एक्सेल चालवायचं असेल तर सहसा मायक्रोसॉफ्ट.ऑफिस.इंटरॉप.एक्सेल हे नेमस्पेस, म्हणजे नावांचा गट, लागतं. त्यात ॲप्लिकेशन नावाचा टाइप, म्हणजे कोडातला एक प्रकार, आहे; तो म्हणजे खुद्द एक्सेल. आणि सिस्टिम.विंडोज.फॉर्म्समध्येही ॲप्लिकेशन आहेच, तो म्हणजे आपला स्वतःचा प्रोग्रॅम. फाइलीच्या डोक्यावर ही दोन्ही नेमस्पेस वापरायचे युजिंग टाकले आणि खाली नुसतं ॲप्लिकेशन लिहिलं, की कोडाचा चालता प्रोग्रॅम बनवणारा कंपाइलर अडतो. एरर सीएस०१०४, नाव संदिग्ध आहे. आणि हे एकाच नावाचं दुखणं नाही. बटन, लेबल, टेक्स्टबॉक्स, लिस्टबॉक्स, चेकबॉक्स, सगळी नावं दोन्हीकडे आहेत. डेटाटेबल एक्सेलमध्येही आहे आणि सिस्टिम.डेटा या तिसऱ्याच नेमस्पेसमध्येही. रोजच्या वापरातले शब्द उचलून टाइपांना द्यायचे आणि निस्तरायला आम्हाला ठेवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

तरीही कंपाइलरवर माझा राग नाही. तो सरळ विचारतोय, "बाई, यातलं कोणतं?" इतका रास्त प्रश्न दुसरा नसेल. माझा राग आहे तो उत्तर न देता त्याचं तोंड बंद करणाऱ्यांवर.

आमच्या टीममधल्या मुलाला हा एरर आला. त्याने कुठेतरी वाचून वर एक ओळ टाकली: युजिंग ॲप्लिकेशन = मायक्रोसॉफ्ट.ऑफिस.इंटरॉप.एक्सेल.ॲप्लिकेशन. त्या फाइलीत ॲप्लिकेशन म्हणजे आता एक्सेल, विषय संपला. असा एलियस, म्हणजे आपण दिलेलं टोपणनाव, नेहमी युजिंगने आलेल्या नावावर मात करतो, त्यामुळे संदिग्धतेचा एरर गेला. पण त्याच फाइलीत खाली ॲप्लिकेशन.स्टार्टअपपाथ लिहिलेलं होतं, आपला प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालतो त्याचा मार्ग काढायला. आता नीट वाचा, कारण माझी रात्र इथेच गेली. स्टार्टअपपाथ नावाची प्रॉपर्टी एक्सेलच्या ॲप्लिकेशनलाही आहे! तिचा अर्थ मात्र साफ वेगळा: एक्सेलचं एक्सएलस्टार्ट फोल्डर, ज्यातल्या फाइली एक्सेल सुरू होताना आपोआप उघडतात. कंपाइलरने पुन्हा बजावलं की ऑब्जेक्ट लागेल, असं थेट टाइपवर चालणार नाही. मग या मुलाने पुढे काय जोडलं? न्यू.

न्यू ॲप्लिकेशन! म्हणजे नुसता फोल्डरचा मार्ग विचारण्यासाठी मागे एक अख्खं अदृश्य एक्सेल सुरू होतं, भलत्याच फोल्डरचा पत्ता देतं आणि तसंच पडून राहतं, कारण क्विट म्हणायला कोणी नाही. व्यवस्थापक यादीचं बटन दाबत राहिले आणि टास्क मॅनेजरमध्ये एक्सेलच्या प्रोसेस साचत गेल्या. मी पाहिलं तेव्हा नऊ होत्या. तो जुना संगणक त्या ओझ्याखाली धापा टाकत होता.

"ताई, माझ्याकडे तर चाललं होतं." चालणारच ना रे! फाइल सापडली नाही तर तुझ्या डी ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये बघणारी ओळ तूच कोडात ठेवली होतीस. पतसंस्थेत तुझा डी ड्राइव्ह कुठून येणार?

उपाय काय होता? एक ओळ. युजिंग एक्सएल = मायक्रोसॉफ्ट.ऑफिस.इंटरॉप.एक्सेल. टाइपाला नाही, अख्ख्या नेमस्पेसला एलियस. मग एक्सएल.ॲप्लिकेशन, एक्सएल.रेंज, एक्सएल.वर्कबुक असं प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहायचं, आणि नुसतं ॲप्लिकेशन हे आपल्या प्रोग्रॅमचंच राहतं. तीन अक्षरं जास्त टाइप करायचा एवढा कंटाळा?

एक्सेल असाच एलियस सगळे देतात, मी एक्सएल का म्हणते, त्यालाही कारण आहे. आमच्या आणखी एका प्रोजेक्टमध्ये कोणीतरी एक्सेल नावाचं फोल्डर केलं. व्हिज्युअल स्टुडिओ, आमचं कोड लिहायचं सॉफ्टवेअर, फोल्डरच्या नावावरून नव्या क्लासला नेमस्पेस देतो, म्हणजे प्रोजेक्टच्या नावापुढे टिंब आणि एक्सेल. झालं! नाव शोधताना कंपाइलर आतून बाहेर जातो. त्याला आधी आमचं स्वतःचं एक्सेल नेमस्पेस सापडतं, आणि फाइलीच्या डोक्यावरचा एलियस तसाच राहतो. एरर येतो की एक्सेलमध्ये ॲप्लिकेशन नाहीच. माणूस एक्सेलच्या लायब्ररीचा रेफरन्स काढतो, परत घालतो, ऑफिस पुन्हा इन्स्टॉल करतो. एका फोल्डरच्या नावापायी! माझा तेव्हा अर्धा दिवस गेला होता.

आणि हा एरर युजिंग लिहिणाऱ्याला बऱ्याचदा भेटतच नाही, ही सगळ्यात अन्यायाची गोष्ट. नाव वापरल्याशिवाय कंपाइलर बोलत नाही. कोणीतरी आज युजिंग टाकून निघून जातो आणि सहा महिन्यांनी त्याच फाइलीत दुसरी कोणी साधं लेबल लिहायला जाते, तिच्या डोक्यावर हे पडतं. रेंजचं, म्हणजे एक्सेलमधल्या चौकटींच्या पट्ट्याचं, तसंच झालं. वर्षानुवर्षं लोक नुसतं रेंज लिहीत आले, तेव्हा ते एकच होतं. २०१९ मध्ये डॉटनेट कोअर ३.० आलं (डॉटनेट म्हणजे सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते), त्यात सिस्टिम.रेंज हा दुसराच रेंज आला, आणि जुना कोड नव्या डॉटनेटवर नेताना ओळीओळीवर तोच प्रश्न. ज्यांनी पहिल्यापासून एक्सएल.रेंज लिहिलं त्यांना या प्रश्नाची झळही लागली नाही.

रात्री एलियस बदलला, न्यू काढला, साचलेल्या नऊच्या नऊ प्रोसेस हाताने बंद केल्या. यादी निघाली. व्यवस्थापक काही बोलले नाहीत, फक्त शिपायाला म्हणाले, "चल, दिवे घालव." ते न बोलणंच मला जास्त लागलं.

आज सकाळी अख्ख्या कोडात शोध मारला. न्यू ॲप्लिकेशन आणखी चार फाइलींत आहे. त्यातली एक पगारपत्रकाची.