खुलासा : ‘४०६०’ असलेले सगळे लॅपटॉप सारखे नसतात
‘आरटीएक्स ४०६० असलेला कुठलाही १४ इंची लॅपटॉप घ्या, गेमिंगला सगळे सारखेच’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. आरटीएक्स ४०६० ही एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स चिप, म्हणजे गेमची चित्रं तयार करणारा भाग. एनव्हिडियाच्याच तक्त्यात या लॅपटॉप चिपची वीजमर्यादा ३५ ते ११५ वॅट दिली आहे. त्यातली किती द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ बॉडीत उष्णता बाहेर पडायला वाव कमी, म्हणून मर्यादा बहुधा खाली ठेवतात आणि गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) घटतात. दुकानात डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’चा आकडा बघा. आणि हो, १०० वॅटच्या टाइप-सी चार्जरवर गेम चालू असताना बॅटरी उतरू शकते, तेव्हा सोबतचा जाड अडॅप्टरही वजनात धराच. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.