बाण घरून आणावेत

शाळेच्या डायरीत बाईंनी लाल शाईने एकच ओळ लिहिली होती : ‘एकलव्य – धनुष्य एक, बाण सात, घरून आणावेत.’ चौथीतल्या माझ्या मुलीला स्नेहसंमेलनात एकलव्याची भूमिका मिळाली होती. सातच बाण का, असे मी विचारले, तेव्हा तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले त्यावरून माझे आदिपर्व कच्चे असल्याचे माझ्या लक्षात आले. पांडवांबरोबर रानात आलेला कुत्रा भुंकू लागला, तेव्हा एकलव्याने त्याच्या तोंडात एकदम सात बाण सोडले, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी तीन लिहिले असते, तर माझा शनिवार-रविवार वाचला असता.

बाजारात प्लास्टिकचे तयार बाण मिळतात, परंतु ते घेऊन घरी जाण्याची माझी छाती नव्हती, कारण आम्ही साताऱ्यात राहतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या 17 व्या वर्षी बर्लिनमध्ये कंपाउंड (टोकांना चाके बसवलेल्या धनुष्याच्या) धनुर्विद्येचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि त्याच दिवशी, साताऱ्यातच सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवून पुरुषांचे विजेतेपद पटकावले. तेव्हापासून आमच्या कन्येचा या विषयातला अधिकार घरात कोणी नाकारत नाही, आणि रबरी टोपीचा बाण दाखवला की ती ‘हा बाण आहे का?’ असे अत्यंत शांतपणे विचारते. धनुष्यबाण कोणाचा, हा वाद महाराष्ट्रात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या घरी मात्र धनुष्यबाण बाबांनी करायचा, यावर पाच मिनिटांत एकमत झाले.

धनुष्याने काहीच त्रास दिला नाही. बुरुडाकडून बांबूची एक जाड कामटी आणली, दोन्ही टोकांना खाचा पाडल्या, नायलॉनची दोरी ताणून बांधली आणि वीस मिनिटांत धनुष्य तयार झाले. धनुष्य वाकडेच असावे लागते, आणि काही वाकडे करायचे असेल तर माझा हात आपोआप चालतो. बाण मात्र सरळ असावा लागतो.

पहिला बाण मी खराट्याच्या काडीचा केला. नवा खराटा सोडून त्यातल्या सरळ काड्या निवडल्या, हे सौभाग्यवतींना दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना कळले, आणि त्यानंतरचा अर्धा तास येथे देण्याचे कारण नाही. काडी दोरीवरून सुटली ती हवेतच सापासारखी वळवळली आणि माझ्याच पायाशी पडली. शेजारी राहणारे निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, ते कुंपणावरून हे पाहत होते. त्यांनी सांगितले की बाण सुटताना धनुष्याच्या दांड्याला वळसा घालण्यासाठी किंचित वाकतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा सरळ होतो, म्हणून तो फार लवचीक असून चालत नाही आणि फार ताठ असूनही चालत नाही. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो आणि लवचीक बाण उजवीकडे. आमच्या दिवाणखान्यात डावीकडे देवघर आणि उजवीकडे टीव्ही असल्यामुळे हे शास्त्र मी फार मन लावून ऐकले.

मग बांबूच चिरायला घेतला. चिरताना कोयता पेरापाशी अडला, जोर लावताच सुटला आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर आला. आईने त्यावर हळद दाबली आणि म्हणाली, “अरे, एकलव्य ती आहे, तू नव्हेस.”

चिरलेली प्रत्येक काठी पेरापाशी थोडी वाकलेलीच निघते. ती गॅसच्या मंद आचेवर फिरवत गरम करायची, मऊ पडली की फडक्यात धरून उलट बाजूला दाबायची आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवायची, मग एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहायचे. पाहिले की पहिला बाक गेलेला असतो आणि दोन पेरे अलीकडे नवा आलेला असतो. शनिवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात होळीच्या दुसऱ्या दिवशीसारखा वास सुटला होता आणि रात्रीचे जेवण बाहेरून आले.

त्यानंतर पिसे. आमच्या गॅलरीत कबुतरांनी आजवर जे काही दिले आहे त्यात उपयोगाची वस्तू हीच असेल, असे समजून मी डबाभर पिसे गोळा केली, तर मास्तर म्हणाले की डाव्या पंखाच्या पिसाचा बाक एका बाजूला असतो आणि उजव्या पंखाच्या पिसाचा दुसऱ्या, त्यामुळे एका बाणाला लागणारी तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत, म्हणजे बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो. सात बाणांची एकवीस पिसे डावी-उजवी करीत मी जमिनीवर बसलो असताना आईने मला आधी आंघोळ करून यायला सांगितले. पिसे सारख्या अंतरावर बसवायची, म्हणून कागदाची पट्टी काठीभोवती गुंडाळून मोजली. आठ मिलिमीटर जाडीच्या काठीचा घेर पंचवीस मिलिमीटर भरला. त्याला तीनने भाग जात नाही, हे चौथीतली मुलगीही सांगू शकते, आणि तिने सांगितले. मागच्या खाचेपाशी बांबू चिरू नये, म्हणून शिवणाच्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिले आणि त्यावर डिंक चोपडला.

एवढे करून रविवारी दुपारी चौदा फुटांवरून सोडलेला बाण कालनिर्णयाच्या एकादशीत आडवा आपटला. कंपाउंडवाले 50 मीटरवरून 8 सेंटिमीटरच्या वर्तुळात दहा गुण घेतात, हे त्या क्षणी कन्येने सांगितले नसते तरी चालले असते.

तेवढ्यात एका अपरिचित बाईंचा दूरध्वनी आला. “मी कुत्र्याची आई बोलतेय,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलाला कुत्र्याचे काम मिळाले होते आणि आमच्या बाणांना टोके कशाची आहेत, याची त्यांना चौकशी करायची होती. त्यांच्या समाधानासाठी मी कन्येच्या कंपासपेटीतला खोडरबर कापून बाणाच्या टोकाला बसवला आणि सहज एकदा सोडून पाहिला. बाण सरळ गेला आणि उशीच्या मधोमध लागला. बाणाचा तोल मध्यापेक्षा थोडा पुढे हवा, नाहीतर तो हेलपाटतो, हे मास्तरांनी त्यानंतर सांगितले. दोन दिवस माझ्या शास्त्राला जे जमले नव्हते ते एका काळजीवाहू आईने दूरध्वनीवरून केले होते. दुकानातून आणखी खोडरबर आणून रात्री अकरापर्यंत मी सातही बाण पूर्ण केले आणि झोपण्यापूर्वी ते एकदा नुसतेच पुन्हा पाहिले.

सोमवारी बाईंनी बाण हातात घेऊन फार कौतुक केले. रंगमंचावर एकलव्य फक्त दोरी ओढल्याचा अभिनय करणार होता. बाण कुत्र्याच्या मुखवट्यात आधीच खोचून ठेवायचे होते. “तेवढे अर्धे कापून द्याल का?” असे त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या करवतीने मी सातही बाण मधोमध कापले. पिसांकडचे भाग शाळेत गेले आणि टोकाकडचे सात खोडरबर कन्येने मोजून कंपासपेटीत ठेवले. पेरापाशी वाकडा राहिलेला आठवा बाण मी टाकून दिला होता. तो आईने उचलून ठेवला आहे आणि गॅलरीतली कबुतरे ती त्यानेच हाकलते.