पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी वाचता का येत नाही?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. चार वर्षं वाढवून मिळाली, तरी चौथीतल्या मुलाला पुस्तकाबाहेरच्या चार ओळी वाचून अर्थ सांगता येत नाही, ही तक्रार घरोघरी आहे. त्यावर पालकांचा तोडगा एकच, माध्यम बदला. माझ्या मते हे भलत्या दुखण्यावर भलतं औषध आहे. खोट शिकवण्याच्या पद्धतीत आहे आणि माध्यम बदलून ती जात नाही. उलट गणित आणि परिसर अभ्यासही तिच्या तावडीत सापडतात.

'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हा घोष घ्या. मराठी वाचताना मूल अक्षराचा आवाज ओळखतं आणि आवाज जोडतं. क, म, ळ, कमळ. इंग्रजीत आपण त्याला आवाज सांगतच नाही, अक्षराचं नाव सांगतो. सी, ए, टी कितीही भरभर म्हटलं तरी सीएटीच होणार, कॅट होणार नाही. एचच्या नावात ह नाही, डब्ल्यूच्या नावाची सुरुवात ड ने. मग मुलापुढे एकच वाट उरते, प्रत्येक शब्द चित्रासारखा पाठ करायचा. थोड्या शब्दांपर्यंत ते निभतं. तिसरी-चौथीत शब्द वाढले की सगळं अडतं आणि घरचे म्हणतात, पोरगं इंग्रजीत कच्चं आहे.

आधी कान, मग तोंड, मग डोळे, हात सगळ्यात शेवटी. पहिलीचं वर्ष बहुतेक तोंडीच जावं. 'स्टँड अप', 'टच युवर नोज', 'गिव्ह मी द रेड पेन्सिल' अशा सूचना द्या, मूल कृती करतं आणि अर्थ कृतीतूनच लागतो. दिवसाला पाच-सहा नवे शब्द पुरेत, पण सुटे नकोत. 'आय हॅव', 'आय वाँट' अशा वाक्यांत बसवून द्यावेत.

अक्षरं त्यानंतर, आणि एबीसीडीच्या क्रमाने नाहीच. एस, ए, टी, पी, आय, एन या सहांचे आवाज, म्हणजे स्, ॲ, ट्, प्, इ, न्, पक्के झाले की सॅट, टॅप, पिन, टिन, नॅप, सिप हे शब्द मूल कुणी न सांगता वाचतं. बी आणि डी एकाच आठवड्यात घेऊ नयेत, आरशातल्यासारखे आकार असल्याने अदलाबदल होते. अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४, त्यामुळे एसएच, सीएच, टीएच या जोड्या वेगळ्या शिकवाव्या लागतात. 'सेड', 'वॉज', 'वन' यांचं स्पेलिंग मात्र सरळ पाठ करून घ्यावं, तिथे तर्क चालत नाही. शिप आणि शीप यांतला फरक आपल्या मुलांना लवकर ऐकू येत नाही, कारण मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घावर अर्थ सहसा अडत नाही. जोडीने म्हणून दाखवत राहायचं, दुसरा इलाज नाही.

या सगळ्यात मराठी आड येत नाही. आवाज जोडून वाचायची युक्ती एकदाच शिकावी लागते, आणि ती ज्या भाषेत अर्थ आधीच कळतो तिच्यात लवकर साधते. म्हणून मराठी वाचन पक्कं होण्याआधी इंग्रजी लेखनाची घाई नको. 'टेबलावर'मधला 'वर' मागे चिकटतो आणि 'ऑन द टेबल'मधला 'ऑन' पुढे येतो, हे मराठीतून दोन मिनिटांत सांगून होतं. पण 'धिस म्हणजे हे, इज म्हणजे आहे' असं शब्दाला शब्द लावत बसलात, तर 'बुक टेबल ऑन इज' ऐकायची तयारी ठेवा.

माध्यम इंग्रजी केल्याचं नुकसान गणितात लपून राहतं. 'रमाकडे ५ गोट्या आहेत, त्या सलमापेक्षा २ने जास्त आहेत, तर सलमाकडे किती?' हे मराठीतही अवघड आहे. इंग्रजीत 'मोअर' दिसलं की मूल बेरीज करून ७ लिहितं. त्याला वजाबाकी येत असते, वाक्य कळलेलं नसतं.

आणि मराठीचा झेंडा मिरवणाऱ्यांनी (मीही त्यांतलाच) हेही ध्यानात घ्यावं की गोंडी, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला मराठी माध्यमही परकंच असतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा आणि २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, दोन्ही मातृभाषेतून शिकवा म्हणतात, आणि 'शक्य तिथे' ही पळवाटही दोन्हींत आहे.

शाळा पारखायची असेल तर फीचा तक्ता बाजूला ठेवा. तिथल्या तिसरीतल्या मुलाला न पाहिलेल्या चार इंग्रजी ओळी द्या आणि काय वाचलंस ते घरच्या भाषेत सांग म्हणा. अडखळत वाचून गोष्ट नीट सांगितली तर शाळा बरी आहे. खाडखाड वाचून गप्प उभं राहिलं तर इमारत कितीही चकचकीत असो, दुसरी शाळा बघा. जाता जाता गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हातात असतात की कपाटात कुलूपबंद, तेही विचारून घ्या.