"नोटेशन येईपर्यंत गाणी नकोत" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

गेले काही दिवस पालक मला एकच मेसेज पाठवतायत आणि विचारतायत, हे खरंय का? मेसेज थोडक्यात असा, की व्हायोलिन शिकणाऱ्या लहान मुलाला नोटेशन (कागदावर ठिपक्यांनी लिहिलेले सूर) वाचता येईपर्यंत ओळखीची गाणी वाजवू देऊ नका, कानाने शिकलं की सूर कच्चा राहतो, मूल पुढे वाचायला शिकत नाही, गाणी म्हणजे नुसता टाइमपास, आधी स्केल (ओळीने चढते-उतरते सूर) हवं, हात बिघडतो, आणि घरच्यांना संगीत येत नसेल तर त्यांनी मधे पडूच नये. मी बरीच वर्षं लहान मुलांना व्हायोलिन शिकवतेय आणि या मेसेजमुळे माझ्याकडच्या दोन मुलांची गाणी घरी बंद झालीयेत, त्यातली एक तर गाण्याच्या मधोमध अडकलीये, म्हणून लिहायला बसले.

आधी सुराचं बोलू, कारण तिथे मेसेज साफ उलटा आहे. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. पेटीवर पट्टी दाबली की सूर मिळतोच, इथे बोट एक-दोन मिलिमीटर सरकलं तरी कणसूर. कागदावरचा ठिपका कुठला सूर हवा एवढंच सांगतो, तो लागला की नाही हे कानालाच ठरवायचं असतं. मग सहा-सात वर्षांच्या मुलाचा कान हे ठरवणार कशाच्या आधारावर? त्याच्याकडे पक्कं असं एकच असतं, लहानपणापासून ऐकलेलं गाणं. अनोळखी एक्सरसाइजमध्ये दुसरं बोट जरा खाली पडलं तर मुलाला काहीच खटकत नाही, ते तसंच वाजवत पुढे जातं, पण पाठ असलेल्या गाण्यात तेच बोट खाली पडलं की मूल स्वतःहून थांबतं, नाक मुरडतं आणि बोट पुढे सरकवतं, कुणी सांगावं लागत नाही.

ट्विंकल ट्विंकलचं उदाहरण घ्या. व्हायोलिनच्या चार तारांची नावं जी, डी, ए, ई. ए ची मोकळी तार, म्हणजे बोट न ठेवता वाजवलेली, सा धरा, मग पहिलं बोट (तर्जनी) रे, दुसरं ग, तिसरं म, ई ची मोकळी तार प, आणि ई वर पहिलं बोट ध. गाणं झालं सासा पप धध प, मम गग रेरे सा. यात ग आणि म ची बोटं एकमेकांना चिकटून पडतात, रे आणि ग मधे मात्र जागा सुटते, आणि हे कागदावरून समजावायला मला अख्खा तास लागतो, गाण्यातून दोन मिनिटात कळतं. अजून एक गोष्ट मी प्रत्येक मुलाला दाखवते. व्हायोलिन नीट सुरात लावलेलं असेल आणि ए तारेवर तिसरं बोट अगदी बरोबर पडलं, तर शेजारची डी तार हात न लावता थरथरायला लागते, कारण तो सूर डी चाच एक सप्तक वरचा असतो. वाकून बघितलं तर दिसते सुद्धा. बोट जरा चुकलं की थरथर गायब. एकदा हे दिसलं की मूल दिवसभर तिसरं बोट टेकवून ती तार हलवत बसतं, याच्याहून चांगला सुराचा अभ्यास मला तरी माहीत नाही.

आता वाचनाचं. या मुद्द्यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करते. वर्षानुवर्षं फक्त कानानेच वाजवत राहिलं तर वाचन मागे पडतं, अशी मुलं मी बघितलीयेत. पण तो दोष नंतर वाचन न शिकवणाऱ्याचा, आधी ऐकवणाऱ्याचा नाही. जपानच्या शिनिची सुझुकींनी (1898–1998) लहान मुलांना व्हायोलिन शिकवायची जी पद्धत बसवली ती याच विचारावर उभी आहे, की मूल मातृभाषा आधी ऐकतं, मग बोलतं आणि वाचायला बऱ्याच नंतर शिकतं. वाचन वगळायचं असं त्यात नाही, क्रम बदललाय. माझा अनुभव पण तोच, पाच-सहा गाणी हातात बसली की त्यातल्याच एकाचं नोटेशन समोर ठेवते, आणि मूल बोट फिरवत म्हणतं, अरे इथे सूर वर गेला तर ठिपके पण वर गेलेत! तिथून वाचन सुरू. एक मात्र कृपा करून करू नका, गाणं बोटांच्या नंबरात लिहून देऊ नका, शून्य शून्य एक एक असं. मग मूल ना ऐकतं ना वाचतं, आकडे वाजवतं.

गाणी टाइमपास, आधी स्केल, यावर फार बोलण्यासारखं नाही. मम गग रेरे सा हे काय आहे? स्केलच उतरतंय ना. फक्त गाणं निवडताना विचार हवा. हॅपी बर्थडे सगळ्यांना सोपं वाटतं पण पहिलं गाणं म्हणून मी ते कधीच देत नाही. ए च्या मोकळ्या तारेवरून सुरू केलं तर पहिल्या दोन ओळी छान जातात, तिसऱ्या ओळीत मात्र ए च्या मोकळ्या तारेवरून थेट ई तारेवरच्या तिसऱ्या बोटावर उडी, अख्खं सप्तक, आणि शेवटच्या ओळीत ई वरचं दुसरं बोट मागे ओढून पहिल्याला चिकटवायचं, म्हणजे आत्तापर्यंत जे शिकलं त्याच्या उलट. ज्या मुलीचं मी वर म्हटलं ती याच उडीवर चार दिवस झटत होती आणि पाचव्या दिवशी मेसेज आला.

हात बिघडतो हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. गाणं वाजवायच्या उत्साहात मुलं खांदा उचलतात, मनगट तारांच्या खाली टेकवतात, बो (व्हायोलिनचा गज) तिरका पळवतात, हे होतं. पण ते नोटेशन वाचताना पण होतं, किंबहुना जास्तच, कारण डोळे कागदावर खिळलेले असतात. यावर उपाय म्हणजे कामं वेगळी करायची. आधी गाणं बोटाने तार छेडून वाजवायचं, बो बाजूला. दुसरीकडे बो घेऊन त्याच गाण्याची लय फक्त एका मोकळ्या तारेवर, डावा हात आरामात. दोन्ही बाजू जमल्या की एकत्र, तेही एकेक ओळ.

आणि घरच्यांचं. संगीत येत नसलं तरी गुणगुणता येतं ना? मग झालं. आधी ए तार वाजवा आणि मुलाला त्याच सुरावरून गायला सांगा, नाहीतर गळा एका पट्टीत आणि व्हायोलिन दुसऱ्या पट्टीत असं होऊन बिचारं गोंधळतं. मग पुढच्या सुराला एवढंच विचारा, वर गेला, खाली आला, की तोच राहिला? बोट त्याला शोधू द्या, लगेच सांगू नका, तीन-चार वेळा चुकेल, चुकू दे. बाकी तुमचं खरं काम रोज वाजवायच्या आधी ट्यूनर अ‍ॅपवर तारा बघणं, कारण तार उतरलेली असेल तर बरोबर जागी पडलेलं बोट पण बेसूरच लागणार आणि मूल स्वतःलाच दोष देणार. ई तारेला खुंटी पिळू नका, तुटते, खालच्या छोट्या स्क्रूने लावा.

त्या मुलीच्या आईशी काल बोलले, उद्यापासून तिसरी ओळ परत सुरू करतोय, आधी नुसती गाऊन, मग ते दोनच सूर, मोकळी ए आणि ई वरचं तिसरं बोट, बो न घेता.