एक कोटी सह्यांनी राष्ट्रपती हटत नसतात, राजेहो!

सोसायटीचा ग्रुप असो, भजनी मंडळाचा असो की मॉर्निंग वॉकवाल्यांचा, नागपुरात सध्या एकच मेसेज फिरून राहिला आहे. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं : संविधानाच्या कलम ६१ नुसार १४ दिवसांत एक कोटी नागरिकांनी सह्या केल्या की राष्ट्रपतींवर महाभियोग लागतो. त्या दिवसापासून त्यांचे अधिकार गोठतात. विधानसभेनं ठराव केला तर सह्यांचीही गरज नाही. अमेरिकेत असेच तीन राष्ट्राध्यक्ष घरी गेले, आपल्याकडेही दोनदा झालंय. आणि पद रिकामं झालं की पंतप्रधानच राष्ट्रपती होतात. खाली एक लिंक. त्यात नाव, आधार नंबर, '२१ रुपये नोंदणी' आणि 'ओटीपी टाकून सही पक्की करा'.

कोणत्या राष्ट्रपतींना हटवायचं आणि कशासाठी, याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

मी असल्या गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष करतो. पण त्रिमूर्तीनगरातून आत्याचा फोन आला, "अरे, तो ओटीपी येऊन नाही राहिला, जरा पाहून दे न." आधार नंबर तिनं भरून टाकला होता. मी ओरडलो तर म्हणते, "कलमाचा नंबर देऊन आहे त्याच्यात, खोटं कसं असंन?"

तर ते कलमच पाहू. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तिथे संविधानाची मराठी प्रत मिळते. माझी तिथलीच आहे. कलम ६१ वाचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. राष्ट्रपतींनी संविधानाचा भंग केला, असा आरोप संसदेचं कोणतंही एक सभागृह ठेवू शकतं. त्याआधी किमान १४ दिवसांची लेखी नोटीस लागते आणि तिच्यावर त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी निदान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या लागतात. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर १३६ खासदार, राज्यसभेच्या २४५ धरल्या तर ६२. त्यानंतर ठराव मंजूर व्हायला एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणजे लोकसभेत ३६२ किंवा राज्यसभेत १६४. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. जो आलाच नाही, जो तटस्थ बसला, जो बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता, तो प्रत्येक जण राष्ट्रपतींच्याच फायद्याचा. इथवर फक्त आरोप ठेवून झाला. मग दुसरं सभागृह चौकशी करतं किंवा करवून घेतं, तिथे राष्ट्रपतींना स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क असतो, आणि त्या सभागृहानंही पुन्हा तितक्याच बहुमतानं आरोप सिद्ध झाल्याचा ठराव केला, तर त्या दिवसापासून पद जातं.

मेसेज बनवणाऱ्यानं हे कलम वाचलेलं आहे, हीच खरी चीड आणणारी गोष्ट. १४ दिवस खरे, सह्याही खऱ्या. फक्त खासदारांच्या जागी तुम्हाला-मला बसवलं आणि एक कोटीचा आकडा हवेतून काढला. तुमची सही या कलमात कुठेच नाही. एक कोटी काय, दहा कोटी जमवा. फार तर आपल्या खासदाराला पत्र लिहा, ते करायला कोणाची ना नाही.

जनता राष्ट्राध्यक्षाला हटवू शकते हे जगात कुठेच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. रोमानियात संसद आधी राष्ट्राध्यक्षाला निलंबित करते आणि मग जनमत घेते. त्रायान बासेस्कू यांच्यावर हे २००७ आणि २०१२ असं दोनदा झालं. पहिल्या वेळी लोकांनीच त्यांना राखलं. दुसऱ्या वेळी मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'हटवा' म्हटलं, पण निम्मे मतदारही मतदानाला आले नाहीत, म्हणून निकाल ग्राह्य धरला गेला नाही आणि ते पदावर राहिले. बरं, तिथेही सुरुवात संसदेतूनच, लिंकवरून नाही.

आता त्या फॉर्मबद्दल. आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी म्हणजे 'हा माणूस मीच' अशी तुमची कबुली. त्यावर केवायसी होते, कागदपत्रावर ई-सही होते. ती कबुली एका अनोळखी पानावर कशाला देता? आणि २१ रुपये! मोठी रक्कम असती तर आत्यानं दहादा विचार केला असता. २१ म्हणजे मंदिरात टाकतो तेवढे, म्हणून कोणी विचारतच नाही. पण ते भरायला कार्डाचा नंबर टाकावा लागतो, आणि हे सगळं नाटक त्या नंबरासाठी आहे. ज्यांनी ओटीपी किंवा कार्डाची माहिती देऊन टाकली असेल त्यांनी लाजत बसू नये. आधी बँकेला कळवा, कार्ड बंद करा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करायची सोय आधारच्या संकेतस्थळावर आहे, तीही वापरा. पोरांना सांगितलं तर रागावतील, या भीतीनं आपली वडीलधारी मंडळी गप्प बसतात आणि तेवढ्यात खातं साफ होतं.

विधानसभेचा ठराव हा मुद्दा आपल्या गावात जास्त चालतोय. हिवाळी अधिवेशनाला सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनात आमदार जमतात, तिथेच काम होऊन जाईल, असा हिशेब. यात अर्धं सत्य आहे, ते देऊन टाकतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत निवडून आलेले आमदार मत देतात. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं. पण हटवताना आमदार कुठेच नाहीत. उलट राष्ट्रपतींच्या निवडणुकीत ज्यांना मत नसतं ते संसदेतले नामनियुक्त सदस्य महाभियोगाच्या ठरावावर मत देऊ शकतात. विचित्र वाटतं, पण आहे असं आहे.

अधिकार गोठण्याची गोष्ट दक्षिण कोरियातली. तिथे संसदेनं महाभियोग मंजूर केला की राष्ट्राध्यक्षाचे अधिकार थांबतात आणि अंतिम निकाल घटना न्यायालय देतं. पार्क ग्युन-हे २०१७ मध्ये आणि युन सुक-योल २०२५ मध्ये असे गेले, तर २००४ मध्ये रो मू-ह्युन यांना न्यायालयानं परत खुर्चीवर बसवलं. आपल्या कलमात निलंबनाचा शब्दही नाही.

अमेरिकेबद्दल तर सरळ थाप. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ आणि २०२१) यांच्यावर महाभियोग लागला, पण सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं एकदाही जमली नाहीत. जॉन्सन एका मतानं वाचले. निक्सन गेले ते राजीनामा देऊन.

भारतात दोनदा? एकदाही नाही. ते दोघे न्यायाधीश असावेत : १९९३ मध्ये व्ही. रामस्वामी, ज्यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत पडला, आणि २०११ मध्ये सौमित्र सेन, ज्यांच्याविरुद्ध राज्यसभेनं प्रस्ताव मंजूर केल्यावर त्यांनी राजीनामा दिला. न्यायाधीशांची प्रक्रिया वेगळी आहे, तिच्यात बहुमताचं गणितही वेगळं.

राहिलं शेवटचं, पंतप्रधान राष्ट्रपती होण्याचं. पद रिकामं झालं की उपराष्ट्रपती काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. उपराष्ट्रपतीही नसतील तर? हे नागपूरकरांनी तरी विसरू नये. १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांचं निधन झालं, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले आणि मग राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा संसदेनं केलेल्या कायद्यानुसार सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट राष्ट्रपतींचं काम पाहिलं. मॉरिस कॉलेजचा विद्यार्थी, इथलाच वकील आणि १९५४ पासून नागपूर हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश असलेला माणूस! पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या, त्या काही राष्ट्रपती झाल्या नाहीत.

मेसेजच्या एका नव्या आवृत्तीत 'सुप्रीम कोर्टही हटवू शकते' असं जोडलंय. निवडणूकच बेकायदा ठरली तर ती रद्द करता येते, एवढंच त्यात खरं. गिरींच्याच निवडीला आव्हान मिळालं होतं. राष्ट्रपती असताना ते स्वतः साक्षीला हजर झाले, १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली आणि त्यांनी १९७४ मध्ये आपला कार्यकाळ पूर्ण केला.